पूरवार्ता कशी पाठवावी?

कृषकबंधूंनो, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ व २०२१ सालच्या महापुरांत नदीकांठचे लोक याच आंकड्यांकडे डोळे लावून बसले होते. ही वार्ता व्हॉट्सॲपवर धाडतांना तारीख, वेळ व बंधाऱ्याचें नांव मजकुरांतच लिहावें. पुढें पाठविलेला संदेश मूळ दिवस सांगत नाहीं. फेसबुकवर मजकूर कालक्रमानेंच दिसेल असा भरंवसा नाहीं. म्हणून छायाचित्रावरही तारीख घालावी. यूट्यूबवर मात्र गुरें व चारा हलविण्याच्या पूर्वतयारीसारखी टिकाऊ माहितीच द्यावी. कालचा आंकडा आज फिरला, तर दावणीचीं गुरें पाण्यांत सांपडतील.