काट्यावर न दिसणारा अशक्तपणा

मांजरसुंब्याच्या चौकात धुळे-सोलापूर महामार्गाला अहिल्यानगरहून अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता छेदतो. बीड, पाटोदा, केज, चौसाळा अशा चारी दिशांच्या एसट्या इथे थांबतात. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे, पण गाडीची पहिली पायरी ज्याची त्यालाच चढावी लागते. दांडा घट्ट धरून, मागून कुणाचा तरी हात घेऊन चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे नीट पाहिलं, तर त्यांतले सगळेच किडकिडीत नसतात. पोट सुटलेलं, कंबर रुंद झालेली, पोटऱ्या मात्र काटकुळ्या. घरचे म्हणतात, 'आईचं अंग सुटलंय, गुडघे धरलेत.' त्या अंगाखाली मांडीचा स्नायू झडत चाललाय, हे काट्यावर दिसत नाही. वजन तेवढंच राहतं, कधी वाढतंही, कारण गेलेल्या मांसाची जागा चरबी घेते.

वयपरत्वे स्नायू झडण्याला आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकी पोषणशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये 'सार्कोपेनिया' हे नाव दिलं. त्यात लठ्ठपणाची भर पडली की ती सार्कोपेनिक ओबेसिटी. तिची व्याख्या आणि तपासणीची पद्धत युरोपातल्या दोन वैद्यकीय संस्थांनी मिळून ठरवली ती २०२२ मध्ये, म्हणजे अगदी अलीकडे. तिशीनंतर दर दहा वर्षांना साधारण तीन ते आठ टक्के स्नायू कमी होतात, साठीनंतर हा वेग वाढतो, आणि ताकद तर स्नायूंपेक्षाही झपाट्याने उतरते. आधी झडतात ते झटक्याने काम करणारे तंतू. ठेच लागल्यावर तोल सावरायला नेमके तेच लागतात, म्हणून पडण्याचं आणि खुब्याचं हाड मोडण्याचं भय वाढतं. जेवणानंतर रक्तातली साखर सर्वांत जास्त उचलतात तेही स्नायूच. ते आटले की मधुमेहाची वाट मोकळी होते. पोटातली चरबी शरीरात मंद दाह पेटता ठेवते आणि त्या दाहाने स्नायू आणखी झिजतात. झिजलेल्या स्नायूंचा माणूस कमी हलतो, कमी हलला की चरबी वाढते.

या विषयात महाराष्ट्राने जगाला एक मोठी गोष्ट दाखवली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच: २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. त्याआधी, १९९३ पासून, याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला होता. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनच्या साडेतीन किलोंच्या बाळांपुढे इथली बाळं सरासरी २.७ किलोंची. ती हडकुळी होती, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्यांनी बरीचशी राखली होती. कमी पडलं होतं ते मांस. म्हणजे आपल्याकडचा माणूस म्हातारपणात जो स्नायू गमावतो, तो मुळातच तोकडा घेऊन जन्मलेला असतो.

आता हे बालाघाटाच्या डोंगरावर आणून पाहा. आज जे पासष्टीच्या आसपास आहेत ते १९७२ च्या दुष्काळात दहा-बारा वर्षांचे होते. खडी फोडायच्या कामावर आईबापांमागे गेलेली, सुकडीवर दिवस काढलेली ती पिढी. हाडामांसाची बांधणी व्हायच्या वयात ताटात काही नव्हतं. पुढे त्यांतल्या अनेकांनी कोयता धरला. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळी झाली की उचल घेतलेली जोडपी मुकादमाच्या मागे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, पहाटे थंडीत फडात उतरतात आणि उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकची फळी चढतात. इतके कष्ट केलेल्या शरीरात स्नायू कमी कसे, असं कुणालाही वाटेल. पण कष्टाने स्नायू वाढायचा तर त्यामागे अन्न आणि विसावा हवा. या माणसांना दोन्ही पुरेसं मिळालेलं नाही. पन्नाशीत कंबर गेली की कोयता सुटतो, आणि राबणारं शरीर एका हंगामात बसून राहतं. पोरं-सुना कारखान्याला, म्हातारी माणसं नातवंडांना घेऊन घरी. चुलीपाशी चहा, बिस्किट, खारी, आणि दोन वेळा जमेल ते.

बायकांचं दुःख याहून वेगळं आहे. २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने नेमलेल्या समितीच्या निमित्ताने बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, अनेकींचं तर ऐन तारुण्यात. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले असतील, तर इस्ट्रोजेन एकाएकी बंद होतं, हाडं ठिसूळ होतात, स्नायू लवकर उतरतात आणि चरबी पोटाशी जमते. त्या बायका आता म्हातारपणाकडे निघाल्या आहेत. त्या वेळी बातम्या झाल्या, चर्चा झाली. पण या बायकांचे हातपाय पुढची वीस वर्षं कसे चालतील, याची विचारपूस आजही व्हायला हवी. ही जबाबदारी टाळता येणार नाही.

ताटाचा हिशेब मांडू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. वृद्धांसाठी तज्ज्ञ एक ते १.२ ग्रॅम सांगतात, कारण म्हाताऱ्या स्नायूला तेवढ्याच घासात पूर्वीइतकी चालना मिळत नाही. साठ किलोंच्या माणसाला म्हणजे रोज साठ-सत्तर ग्रॅम. दिवसाच्या चार ज्वारीच्या भाकरींतून वीस-बावीस ग्रॅम मिळतात. वाटीभर पातळ वरणातून पाच-सहा. बाकीची तूट कशाने भरायची? अंडं सहा ग्रॅमचं, पण माळकरी घरात ते शिजत नाही. कपिलधारला मन्मथस्वामींच्या यात्रेला जाणाऱ्या शाकाहारी घरांतही नाही. त्यांना अंड्याचा आग्रह करण्यात अर्थ नाही आणि गरजही नाही. घट्ट वरण, मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, पिठलं, मूठभर शेंगदाणे, पेलाभर दूध किंवा दही, हे सगळं इथलंच आहे. भाकरीतल्या प्रथिनांत जे उणं आहे ते डाळ भरून काढते. मला सर्वांत जास्त खटकतं ते सोयाबीन. मराठवाड्यातली शिवारंच्या शिवारं त्याने भरलेली, शंभर ग्रॅममध्ये जवळपास चाळीस ग्रॅम प्रथिनं, आणि ते सगळं आडतीवर जातं. दळणात दहा भाग ज्वारीला एक भाग भाजलेलं सोयाबीन घातलं तरी फरक पडेल. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत.

'वजन कमी करा' हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. गुडघे दुखणारी म्हातारी तो ऐकते आणि एक वेळचं जेवण सोडते, तेही बहुधा वरण-भात सोडून चहावर राहते. त्यात चरबीबरोबर मांसही जातं. अमेरिकेत डॉ. डेनिस व्हिलारियल यांनी पासष्टी उलटलेल्या १६० लठ्ठ माणसांवर केलेला प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वजन उतरवताना ज्यांनी चालण्यासारखा व्यायामच केला त्यांचं चरबीविरहित वजन पाच टक्के घटलं. ज्यांनी वजनं उचलण्याचा व्यायाम केला त्यांचं दोन टक्के, दोन्ही करणाऱ्यांचं तीन टक्के. आणि हालचालींच्या चाचणीत सर्वांत जास्त सुधारले ते दोन्ही करणारेच, २१ टक्क्यांनी. भूक मारून वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं आता शहरांतून तालुक्याला पोचताहेत. म्हाताऱ्यांना ती देताना हेच भान हवं.

वयाचा अडसर किती खरा? १९९० मध्ये बोस्टनच्या मारिया फियाटारोने यांनी ८६ ते ९६ वयाच्या दहा अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीतला स्नायूसुद्धा ऐकतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे: धडधाकट वृद्धांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तर पायांतलं जवळपास एक किलो मांस गेलं, असं २००७ च्या एका अभ्यासात दिसलं. 'आई, तुम्ही बसा, आम्ही करतो' या मायेच्या शब्दांचा परिणाम किती खोल जातो, हे यावरून कळतं. तापातून किंवा ऑपरेशनमधून उठलेल्या माणसाला लवकर चालतं करणं, हा औषधाइतकाच महत्त्वाचा उपचार आहे.

व्यायामाला जिम लागत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून रेटा देणं, टाचा उचलणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या हातात घेऊन वर-खाली करणं. आठवड्यातून दोन-तीनदा, दम लागेल इतपत, हळूहळू वाढवत. छातीत दुखतं किंवा तोल जातो त्यांनी आधी तपासून घ्यावं.

ओळखायचं कसं, तेही सोपं आहे. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषानुसार खुर्चीवरून हात छातीशी घेऊन पाच वेळा उठायला बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, किंवा पोटरीचा घेर पुरुषात ३४ आणि बाईत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर पुढची तपासणी करावी. कंबर पुरुषात ९० आणि बाईत ८० सेंटिमीटरवर असेल, तर दुहेरी धोका आहे असं समजावं. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याच तालुक्यात लोखंडी सावरगावला वृद्धांसाठी सरकारी केंद्र उभं आहे. मांजरसुंब्याहून तिकडे थेट रस्ता जातो.

आरोग्य शिबिरांत आज रक्तदाब, साखर आणि वजन पाहून माणसाला घरी पाठवतात. गावोगावच्या मंडळांना, ग्रामपंचायतींना आणि आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना माझी विनंती आहे: पुढच्या शिबिरात वजनकाट्याशेजारी बिनहाताची एक खुर्ची, एक घड्याळ आणि शिंप्याची टेप ठेवा. आणि साठीच्या पुढच्या प्रत्येकाला विचारा, काल वरण किती खाल्लं.