भारतात शिशुधानी सस्तन प्राणी का नाहीत? : जीवाश्मांच्या आधारे एक विवेचन

आळे परिसरातील उसात वावरणाऱ्या बिबट्यापासून भीमाशंकरच्या शेकरूपर्यंत सर्व वन्य सस्तन प्राणी अपरायुक्त गटातील आहेत. मार्सुपिअल, म्हणजे शिशुधानी सस्तन प्राण्यांच्या ३३० हून अधिक जाती आज हयात आहेत. त्या सर्व ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी व लगतची बेटे आणि अमेरिका खंडांपुरत्या मर्यादित आहेत. शिशुधानी हे नावही काहीसे फसवे आहे. मुंग्या-वाळवी खाणाऱ्या नुंबटाच्या मादीला पिशवी नसते. अत्यंत अपरिपक्व अवस्थेत जन्म आणि नंतरचे दीर्घ स्तनपान हेच या गटाचे खरे लक्षण होय. शुगर ग्लायडर हुबेहूब उडत्या खारीसारखा दिसतो, परंतु त्याचे नाते कांगारूशी आहे. लांडग्यासारखा थायलासीन १९३६ मध्ये होबार्ट येथे संपला. दोन टनांहून जड डायप्रोटोडॉन त्यापूर्वीच नामशेष झाला होता.

भारत व ऑस्ट्रेलिया दोन्ही गोंडवन महाखंडाचे भाग होते. मग भारतातच हा गट का नसावा? उत्तर कालक्रमात आहे. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी भारत अंटार्क्टिका-ऑस्ट्रेलियापासून विलग होऊ लागला. या गटाचे पूर्वज उत्तर गोलार्धातून दक्षिण अमेरिकेत आणि तेथून अंटार्क्टिकामार्गे ऑस्ट्रेलियात पोहोचले ते बरेच नंतर. अंटार्क्टिकाच्या सीमोर बेटावर १९८२ मध्ये मिळालेला जीवाश्म या मार्गाचा पुरावा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहिला तेव्हा भारत या वाटेपासून फार दूर होता. लाव्हाप्रवाहांशी निगडित गाळाच्या थरांतून, तेलंगणातील नास्कल येथे, १९८८ मध्ये प्रकाशात आलेला डेक्कनोलेस्टिस हा सस्तन प्राणीही अपरायुक्तांच्या शाखेतीलच आहे.

तथापि २००५ मध्ये सुनील बाजपेयी व सहकाऱ्यांनी सुरत जिल्ह्यातील वस्तान लिग्नाइट खाणीतून इंडोडेल्फिस व जेगेरिया हे भारतातील पहिले मार्सुपिअल म्हणून वर्णिले. आधार होता तो सूक्ष्म दातांचा. मार्सुपिअलांच्या खालच्या दाढेच्या मागील टोकावरील लहान उंचवटा जिभेच्या बाजूस सरकलेला असतो. अडचण अशी की आद्य वटवाघळांतही तो तसाच असतो. २००७ मध्ये थिएरी स्मिथ व सहकाऱ्यांनी जेगेरियाचा समावेश वटवाघळांत केला. इंडोडेल्फिस मार्सुपिअल ठरला, तरी तो गोंडवनाचा वारसा ठरत नाही. त्या काळी युरोपातही लहान मार्सुपिअल होते, आणि भारत आशियाच्या निकट आला होता. त्यामुळे त्याची वाट उत्तरेकडूनच आलेली असणे अधिक संभवनीय आहे.