धम्माचे बेट आणि बेदखल माणसे

जुन्नरच्या मानमोडी डोंगरातील लेणी पाहून उतरताना एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, श्रीलंका तर बौद्धांचा देश. मग तिथे इतकी माणसे मारली कशी गेली?" १९५० च्या मे महिन्यात बाबासाहेब कँडीच्या बौद्ध परिषदेस गेले होते, हे आपल्या वस्त्यांत अभिमानाने सांगितले जाते. जुन्नर-आंबेगावच्या विहारांतही लंकेचे नाव आदराने निघते. आदर असावा, पण आदरापोटी डोळे मिटणे बुद्धाच्या शिकवणीत बसत नाही. म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

सुमारे ६५,६०० चौरस किलोमीटरचे हे बेट महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून किंचित मोठे आहे. उत्तरेस जाफन्याचा सपाट, कोरडा प्रदेश, नैऋत्येस भरपूर पाऊस, मध्यभागी डोंगर. उत्तर-पूर्वेकडे तमिळभाषक, दक्षिण-पश्चिमेकडे सिंहली आणि पूर्व किनाऱ्यावर मोठ्या संख्येने मुसलमान, अशी वस्ती आहे. पण देश दुभंगला तो निसर्गामुळे नव्हे. पोर्तुगीज आणि डच यांच्यामागून आलेल्या इंग्रजांनी १८१५ मध्ये कँडीचे राज्य घेतले, १८३३ मध्ये सारे बेट एका कारभाराखाली आणले आणि डोंगरात आधी कॉफीचे, मग चहाचे मळे उभे केले. त्यासाठी मद्रास इलाख्यातून मजूर नेले. त्यांतील फार मोठा भाग पळ्ळर, परैयर अशा अस्पृश्य जातींचा होता. मंचर-नारायणगावकडे ऊसतोडीला आलेल्या माणसांच्या कोप्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला मळ्यातील त्या रांगेच्या खोल्यांची कल्पना येईल.

१९४७ च्या निवडणुकीत या मजुरांच्या सिलोन इंडियन काँग्रेसचे ७ उमेदवार निवडून आले. स्वातंत्र्य मिळताच १९४८ मध्ये नागरिकत्वाचा कायदा झाला. बाप, नाहीतर आजा आणि पणजा याच भूमीत जन्मल्याचा पुरावा द्या! जातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीचा कागद शोधत तहसील कचेरीचे उंबरे झिजवणारे माझे विद्यार्थी या अटीचा अर्थ लगेच ओळखतील. मळ्यात जन्मलेल्याजवळ कागद कुठला? लाखो माणसे एका फटक्यात बिननागरिक झाली. त्यांचे मतही गेले. जाफन्याचे तमिळ नेते पोन्नम्बलम त्याच वर्षी सरकारात सामील झाले. त्यांची साथ सोडून चेल्वनायकम यांनी १९४९ मध्ये वेगळा पक्ष काढला. १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो करारात या ९,७५,००० माणसांची वाटणी झाली : ५,२५,००० भारताकडे, ३,००,००० सिलोनकडे, उरलेल्यांचे नंतर पाहू! उरलेल्या बिननागरिकांना नागरिकत्व देणारा कायदा २००३ मध्ये झाला.

पहिला घाव मळेमजुरांवर पडला तेव्हा इतरांना तो आपला वाटला नाही. मग १९५६ मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा झाली. १९५७ चा बंडारनायके-चेल्वनायकम करार भिक्षूंच्या दडपणाखाली १९५८ मध्ये मोडला आणि दंगली पेटल्या. १९७२ च्या घटनेने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले. १९७६ मध्ये तमिळ नेत्यांनी वेगळ्या ईलमची मागणी केली. १९८१ मध्ये जाफन्याचे ग्रंथालय जाळले गेले आणि १९८३ च्या जुलैत तमिळांची कत्तल झाली. १९८७ मध्ये भारतीय फौज गेली. महार रेजिमेंटचे मेजर परमेश्वरन तिथेच पडले. युद्ध २००९ च्या मे महिन्यात संपले.

तमिळ बाजूही निष्कलंक नव्हती. मावित्तपुरमच्या देवळात शिरण्यासाठी जाफन्याच्या अस्पृश्यांना १९६८ मध्ये सत्याग्रह करावा लागला, तो तमिळ सवर्णांविरुद्ध. १९९० मध्ये वाघांनी उत्तरेतून मुसलमानांना हाकलले. आणि तिकडच्या भिक्षुसंघाचे काय? १७५३ मध्ये उभ्या राहिलेल्या सियाम निकायाने उच्च गोविगम जातीखेरीज इतरांना उपसंपदा नाकारली. म्हणून इतर जातींच्या माणसांना १८०० च्या सुमारास ब्रह्मदेशात जाऊन दीक्षा घ्यावी लागली. त्यातून अमरपुर निकाय निघाला.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर असे : तिथे राज्य धम्माने चालले नाही, धम्माच्या नावाने बहुसंख्याकांनी चालवले. जातीने संघात शिरकाव केला आणि सत्तेने चीवराचा आधार घेतला. आपण येथे अल्पसंख्य आहोत म्हणून हे आपल्याला लवकर कळावे. पण बौद्ध म्हणवतो म्हणून ते बोलून दाखवण्याची जबाबदारीही आपलीच आहे. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत यवन दात्यांची नावे आहेत, धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीचेही आहे. परक्याचे दान आणि त्याचे नाव संघाने दगडात जपले. लंकेकडे पाहताना हा दगड आपण विसरता कामा नये.