इंग्रजी नात्यांची षष्ठी

दिल्लीच्या एखाद्या कचेरीत काम करणारा मराठी कारकून रजेचा अर्ज इंग्रजीत लिहावयास बसतो. गावाहून काका वारल्याची बातमी आलेली असते. काका म्हणजे एकाच कुळातला, सगोत्र पुरुष. परंपरेप्रमाणे दहा दिवसांचे सूतक. अर्जात तो लिहितो, ‘माय अंकल हॅज एक्स्पायर्ड.’ दोन वर्षांपूर्वी त्याचा मामा गेला होता, तेव्हाही त्याने हेच वाक्य लिहिले होते आणि तीन दिवसांत तो कामावर परतलाही होता. फाइल चाळणाऱ्या वरिष्ठाला साहजिकच प्रश्न पडतो, की एका ‘अंकल’ला तीन दिवस पुरले, मग दुसऱ्याला दहा कशासाठी? अर्जदार खोटे लिहीत नसतो आणि वरिष्ठही निर्दय नसतो. सारा घोटाळा ‘अंकल’ या एका शब्दाचा असतो. त्याऐवजी ‘माय फादर्स ब्रदर’ एवढे तीन शब्द लिहिले असते, तर निदान दोन मृत्यूंतला भेद तरी कागदावर आला असता.

इंग्रजीत नात्यांना शब्दच नाहीत, अशी एक समजूत मराठी घरांत प्रचलित आहे. काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान हे सारे ‘अंकल’. दीर, मेहुणा, साडू हे सारे ‘ब्रदर-इन-लॉ’. आणि चुलत, आते, मामे, मावस अशा चारही घरांतली भावंडे एका ‘कझिन’च्या पोत्यात! ही दैन्यावस्था पाहून मराठी माणसाला थोडा अभिमानही वाटतो. तो अगदीच अनाठायी नाही. पण त्यात दोन गोष्टी नजरेआड होतात.

पहिली गोष्ट इतिहासाची. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत मामाला ‘एआम’ आणि काकाला ‘फॅडेरा’ म्हणत. आत्या आणि मावशी यांनाही निरनिराळे शब्द होते. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, दरबारात फ्रेंच भाषा आली आणि तिच्याबरोबर ‘अंकल’ व ‘आंट’ हे पाहुणे आले. पुढे त्यांनी घरच्या शब्दांना हळूहळू बाहेर काढले. गंमत अशी, की ‘अंकल’चे मूळ असलेला लॅटिन शब्द फक्त मामाचा वाचक होता, काकासाठी लॅटिनमध्ये वेगळाच शब्द होता. ‘आंट’चे मूळ आत्येचे आहे. म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहू जाता, आज इंग्रजीत सारे काका मामाच्या नावाने आणि साऱ्या मावश्या आत्येच्या नावाने वावरत आहेत.

दुसरी गोष्ट व्याकरणाची, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. जेथे शब्द गेला तेथे इंग्रजीने षष्ठी उभी केली. ‘मदर्स ब्रदर’ म्हणजे आईचा भाऊ. मराठीत जे काम ‘चा, ची, चे’ करतात, ते इंग्रजीत शब्दामागे लागलेला एक ‘स’ किंवा ‘झ’ करतो. ही काही तात्पुरती ठिगळे नव्हेत. नाते नेमके सांगावयाचे असेल तेव्हा सुशिक्षित इंग्रज माणूसही ‘माय सिस्टर्स हजबंड’, ‘माय वाइफ्स ब्रदर’ असेच सहजपणे बोलतो.

खरे तर एकशब्दी म्हणून मिरवणारी कित्येक नावे मुळात अशीच षष्ठीची जोडणी असते. मराठीतली ‘मावशी’ ही संस्कृत ‘मातृष्वसा’, म्हणजे आईची बहीण. ‘भावजय’ ही ‘भ्रातृजाया’, म्हणजे भावाची पत्नी. शतकानुशतके तोंडात घोळून शिवण दिसेनाशी झाली, इतकेच. स्वीडिश भाषेत आजही मामाला ‘मातृ-भ्राता’ आणि काकाला ‘पितृ-भ्राता’ अशा अर्थाचे जोडशब्द आहेत, आणि त्या भाषेतली मावशीही ‘माता’ व ‘भगिनी’ यांच्या संकोचातूनच निपजली आहे. शिवाय मराठीचे भांडारही सर्वस्वी भरलेले नाही. बायकोचा भाऊ मेहुणा आणि बहिणीचा नवराही मेहुणाच. त्यांतला कोणता, असा प्रश्न आला की मराठी माणूसही निमूटपणे षष्ठीकडेच वळतो.

इंग्रजी षष्ठीचा एक गुण मराठी विद्यार्थ्याच्या फारच सोयीचा आहे. तिचा क्रम मराठीप्रमाणेच चालतो. ‘माझ्या भावाच्या बायकोचे वडील’ हे वाक्य डावीकडून उचलून जसेच्या तसे ठेवावे, की ‘माय ब्रदर्स वाइफ्स फादर’ तयार होते. ‘ऑफ’ घालून सांगू लागले, तर मात्र गाडी उलटी हाकावी लागते : आधी वडील, मग बायको आणि शेवटी भाऊ. माणसांच्या नात्यांत म्हणूनच ‘ऑफ’ची साखळी इंग्रजांनाही जड वाटते. अर्थात षष्ठीच्याही दोन कड्या झाल्या म्हणजे ऐकणारा दमू लागतो. तिसरी घालण्यापूर्वी वाक्य मोडावे हे बरे.

‘इन-लॉ’वाल्या शब्दांत थोडी सावधगिरी लागते. सासवा अनेक असल्या, तर अनेकवचनाचा ‘स’ ‘मदर’ला लागतो आणि ‘मदर्स-इन-लॉ’ होते. सासूचे घर म्हणावयाचे असले, तर षष्ठीचा प्रत्यय अगदी शेवटी ‘लॉ’ला लागतो. उच्चारात दोन्ही प्रत्यय सारखे. जागा मात्र दोन टोकांना.

व्याकरणाहूनही नाजूक गोष्ट सूराची आहे. एकच शब्द हजर असताना इंग्रजीत षष्ठी वापरली, तर ती काहीतरी सुचवू लागते. ‘माय मदर्स हजबंड’ असे कोणी म्हटले, की ऐकणाऱ्याला कळते ते हे, की तो गृहस्थ बोलणाऱ्याचा पिता नव्हे. ‘माय फादर्स वाइफ’ म्हणजे सावत्र आई, आणि तीही बहुधा फारशी न आवडणारी. ज्याला लहानपणापासून ‘अंकल’ म्हटले, त्याचा उल्लेख एखादा ‘माय आंट्स हजबंड’ असा करू लागला, तर त्या घरात काही बिनसले असावे असा तर्क होतो. शेक्सपिअरचा हॅम्लेट आपल्या आईला तोंडावर तिच्या पतीच्या भावाची बायको म्हणतो. त्यात एकही शिवी नाही. असलेले नाते त्याने केवळ उलगडून ठेवले आहे, आणि तेवढ्यानेच ती घायाळ होते. म्हणून मराठीतून इंग्रजीत येणाऱ्याने ‘फादर्स ब्रदर’ हे ओळख करून देताना एकदा सांगावे आणि पुढे मोकळेपणाने ‘अंकल’ म्हणावे. हाक मारण्यासाठी तर षष्ठी चालतच नाही. ‘मदर्स ब्रदर, चहा घ्या’ असे कोणी म्हणत नाही.

भारतीय इंग्रजीतल्या ‘कझिन ब्रदर’ला पुष्कळ लोक हसतात. हसण्याचे फारसे कारण नाही. चुलतभाऊ हा प्रथम भाऊ असतो आणि मग चुलत. तो भाव ‘कझिन’मध्ये उतरत नाही म्हणून बोलणारा ‘ब्रदर’ जोडतो. तथापि या जोडणीने ऐकणाऱ्याला बहीण की भाऊ एवढेच कळते. घर कोणते ते कळत नाही. ते ‘माय फादर्स ब्रदर्स सन’ने कळते.

हे सारे शब्दांचे खेळ वाटले, तर कायद्याकडे पाहावे. इंग्लंडच्या चर्चने कोणाशी विवाह निषिद्ध आहे याचा एक तक्ता १५६३ साली प्रसिद्ध केला. पुढे तो प्रार्थनामंदिरांच्या भिंतींवर टांगलेला असे. पुरुषाला वर्ज्य अशा तीस स्त्रिया त्यात मोजल्या आहेत, आणि त्या यादीत ‘आंट’ नाही, ‘नीस’ नाही, ‘इन-लॉ’ही नाही. पित्याची बहीण, मातेची बहीण, पत्नीची बहीण, भावाची पत्नी अशी ती यादी षष्ठीच्या पायऱ्यांनी उतरत जाते. ‘इन-लॉ’ या शेपटातला कायदा तो हाच, धर्मपीठाचा. पण प्रत्यक्ष कायदा लिहिताना ते शेपूट निकामी ठरले. शिवाय त्या काळी ‘मदर-इन-लॉ’ म्हणजे सावत्र आईही होत असे. १८३६-३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये सॅम वेलर आपल्या सावत्र आईला त्याच नावाने ओळखतो.

या तक्त्यातल्या दोन ओळींनी अनेक घरांची सुखे अडवून धरली. १८३५ च्या कायद्याने मृत पत्नीच्या बहिणीशी केलेला विवाह इंग्लंडमध्ये पूर्णपणे रद्दबातल ठरू लागला. चित्रकार होल्मन हंट याची पत्नी १८६६ साली वारली; तिच्या धाकट्या बहिणीशी विवाह करण्यासाठी त्याला १८७५ मध्ये स्वित्झर्लंड गाठावे लागले. अर्धशतकाहून अधिक काळ वाद चालल्यावर १९०७ मध्ये निर्बंध उठला, आणि त्या कायद्याचे नावच ‘डिसीस्ड वाइफ्स सिस्टर्स मॅरेज ॲक्ट’ असे षष्ठीचे ठेवावे लागले. भावाच्या विधवेशी विवाह मात्र १९२१ पर्यंत निषिद्धच राहिला. मधली चौदा वर्षे एक ‘सिस्टर-इन-लॉ’ विवाहास योग्य आणि दुसरी ‘सिस्टर-इन-लॉ’ अयोग्य, अशी स्थिती होती.

भारतातही इंग्रजीत कायदे लिहिणाऱ्यांना हीच वाट धरावी लागली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात ‘कझिन’ हा शब्द टाळून भाऊ-बहिणींची मुले, दोन भावांची मुले आणि दोन बहिणींची मुले असे तीन वर्ग वेगळे सांगितले आहेत. हे विवाह निषिद्ध असले, तरी रूढीची मान्यता असेल तेथे त्यांना सूट आहे. आणि महाराष्ट्रातल्या पुष्कळ जातींत मामेबहिणीशी विवाह रूढीला मान्य, तर चुलतबहिणीशी तो अकल्पनीय. ‘कझिन’ म्हटल्याने हा भेद पुसला गेला असता.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात तर षष्ठीवर जमीनजुमला टांगलेला आहे. मृत्युपत्र न करता पुरुष वारला आणि पहिल्या वर्गातला वारस नसला, म्हणजे दुसऱ्या वर्गाची नऊ नोंदींची उतरंड लागते. तिच्या सातव्या नोंदीत ‘फादर्स ब्रदर’ आणि ‘फादर्स सिस्टर’ आहेत. ‘मदर्स ब्रदर’ आणि ‘मदर्स सिस्टर’ नवव्या नोंदीत आहेत. आधीच्या नोंदीतले कोणी हयात नसले, तर काका आणि आत्या यांना सारखा वाटा मिळतो. आणि त्या दोघांपैकी एकही जण जिवंत असेतोवर मामाला किंवा मावशीला त्या मालमत्तेतला एक पैसाही मिळत नाही.