मॉरिशस : बेट आणि त्यावर आलेली माणसे

हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेस सुमारे ८०० किलोमीटरवर मॉरिशस आहे. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर. आपल्याकडील एखाद्या मोठ्या तालुक्याएवढेच. बेट ज्वालामुखीजन्य असून त्याचा खडक बेसॉल्ट, म्हणजे सह्याद्रीचाच काळा कातळ. हे साम्य केवळ दिसण्यापुरते नाही. ज्या तप्त स्थानातून सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचे पठार घडविणारा लाव्हा वर आला, त्याच स्थानातून, भारतीय भूखंड उत्तरेस सरकल्यानंतर कितीतरी काळाने, मॉरिशस उद्भवले, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात.

कॅरिबियन बेटांवर युरोपीयांना तेथील मूळ रहिवासी भेटले. येथे मनुष्यवस्तीच नव्हती. भेटला तो डोडो हा न उडणारा पक्षी, आणि सतराव्या शतकातच तो नामशेष झाला. डचांनी १५९८ मध्ये बेटाला नाव दिले आणि १७१० मध्ये ते सोडले. १७१५ मध्ये फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रज. उसाच्या मळ्यांवर राबत होते ते आफ्रिका व मादागास्कर येथून आणलेले गुलाम. १८३५ मध्ये गुलामगिरी रद्द झाली. पण मळेवाल्यांनी पर्याय आधीच शोधला होता.

१८३४ मध्ये कलकत्त्यास ३६ मजुरांशी करार झाला : मुदत पाच वर्षे, वेतन दरमहा पाच रुपये. 'अॅटलस' जहाज २ नोव्हेंबरला पोर्ट लुई बंदरात पोहोचले. जुन्या कागदपत्रांत या मजुरांना 'धनगर' म्हटलेले आढळते, आणि येथे मराठी अनुवादकाने थोडे थांबावे. हे आपले मेंढपाळ धनगर नव्हेत. छोटा नागपूरकडील उरांव आदी आदिवासींना कलकत्त्याकडे हे नाव पडले होते. भिलाईत राहणाऱ्यास हे लवकर उमगते. उरांवांची गावे याच राज्याच्या उत्तरेस, जशपूर-सरगुज्यात आहेत.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय तेथे गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या मुलखातील मराठी माणसे होती. संख्येने ती थोडी. लागवडीसाठी जमिनीतले धोंडे उपसून रचावे लागत. काळ्या दगडांचे ते ढीग आजही उसाच्या शेतांतून उभे दिसतात. एका कातळावरून निघालेला माणूस दुसऱ्या तशाच कातळावर घाम गाळीत होता. त्याला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

उतरण्याच्या धक्क्यावर, म्हणजे आजच्या आप्रवासी घाटावर, नोंद होई ती कारकुनाच्या कानाला ऐकू आलेल्या नावाची. पुष्कळदा बापाचे नाव हेच मुलाचे आडनाव झाले. कुळाचे आडनाव आणि गाव मागे पडले. १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला, १९९२ मध्ये प्रजासत्ताक. १९७० मध्ये मोका येथे महात्मा गांधी संस्था स्थापन झाली. मराठी शाळांतून शिकविली जाते. घरात मात्र बहुधा क्रिओलच बोलतात. गणेशचतुर्थीला देशभर सुटी असते आणि कोकणातली जाखडी तेथे 'झाकरी' या नावाने अजून नाचली जाते.