इन्जील एक, मग शुभवर्तमाने चार कशी?

नववीतल्या एका विद्यार्थिनीने मधल्या सुट्टीत मला विचारलं, "सर, इन्जील तर एकच उतरली ना? मग ख्रिश्चनांकडे चार कशा?" तिचं आपल्या ख्रिस्ती मैत्रिणीशी वाजलं होतं. ही म्हणाली, तुमचं पुस्तक बदललेलं आहे. मैत्रिणीने विचारलं, चारपैकी कोणतं? हिला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर त्या वयात मीही हेच वाक्य फेकायचो, आणि ती चार पुस्तकं मी उघडूनसुद्धा पाहिली नव्हती.

आधी शब्दाचा गोंधळ दूर करू. कुरआन ज्या इन्जीलबद्दल बोलते, ती अल्लाहने हजरत ईसा (अलैहिस्सलाम) यांना दिलेली किताब आहे. सूरह माइदामध्ये तसा उल्लेख येतो. बायबलच्या नव्या करारातली मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही पुस्तकं म्हणजे त्यांच्याविषयी इतरांनी लिहिलेले वृत्तांत. ख्रिस्ती लोक त्यांना ईश्वरप्रेरित मानतात, पण लिहिणाऱ्यांच्या नावानेच ओळखतात. आपल्याकडे तुलना करायचीच तर ती सीरतच्या पुस्तकांशी जास्त जुळेल. ग्रीकमध्ये 'इवांगेलियोन' म्हणजे चांगली बातमी. तेच अरबीत इन्जील झालं, मराठीत शुभवर्तमान.

आता गंमत अशी की मत्तय, मार्क आणि लूक ही तीन पुस्तकं एकमेकांशी फार जुळतात. मार्क सर्वात लहान, साधारण 660 वचनांचं. त्यातला जवळजवळ 90 टक्के मजकूर मत्तयमध्ये आहे, निम्म्याहून जास्त लूकमध्ये. प्रसंगांचा क्रमही बराचसा तोच. तुम्ही म्हणाल, घटना एकच असेल तर वर्णन जुळणारच. पण पेपर तपासणाऱ्या शिक्षकाला ठाऊक असतं की उत्तर बरोबर असणं वेगळं आणि वाक्यच्या वाक्य सारखं असणं वेगळं. मार्क 13:14 मध्ये ईसा (अ.) यांचं बोलणं चालू असताना लेखक मध्येच थांबतो आणि वाचणाऱ्याला सूचना करतो, की हे नीट समजून घ्या. मत्तय 24:15 मध्ये नेमकी त्याच जागी तीच सूचना आहे. ऐकणाऱ्यांसमोर बोलताना कोणी 'वाचक' म्हणणार नाही. म्हणजे एकाने दुसऱ्याचं लिहिलेलं समोर ठेवलं होतं. बहुतेक अभ्यासकांच्या मते मार्क आधी, साधारण इ.स. 70 च्या आसपास लिहिलं गेलं. मत्तय आणि लूक त्यानंतर दहा-वीस वर्षांनी. लूक तर सुरुवातीलाच मान्य करतो की आपल्याआधी अनेकांनी असं लेखन केलं आहे.

मार्कमध्ये नसलेली, पण मत्तय आणि लूक दोघांतही असलेली दोनशेच्या वर वचनं आहेत, बहुतेक उपदेशाची. ती एखाद्या हरवलेल्या संग्रहातून आली असावीत असं मानून जर्मन अभ्यासकांनी त्याला 'क्यू' नाव दिलं. जर्मन भाषेत 'क्वेले' म्हणजे उगम. असा ग्रंथ आजवर कुणाच्या हाती लागलेला नाही, आणि काहींच्या मते लूकने सरळ मत्तयच वाचलं होतं. म्हणून 'क्यू म्हणजेच आपली इन्जील' असं कुणी ठासून सांगत असेल तर जरा थांबावं.

फरक पाहायचा तर जन्माची कथा बघा. मार्कमध्ये ती नाहीच. मत्तयमध्ये पूर्वेकडचे ज्ञानी लोक, हेरोद राजा आणि मिसरला पलायन. लूकमध्ये शिरगणती, गव्हाण आणि मेंढपाळ. हेरोद इ.स.पू. 4 मध्ये वारला आणि लूक सांगतो त्या क्विरिनियसची शिरगणती इ.स. 6 ची धरली जाते, त्यामुळे इतिहासकारांची इथे अडचण होते. सूरह मरयममधलं खजुराचं झाड दोन्हीकडे नाही, हजरत मरयम (अ.) कुमारिका होत्या हे मात्र तिन्हीकडे आहे. योहानची तर वाटच वेगळी. तिथे लहान दृष्टांतकथा जवळपास नाहीत, लांब प्रवचनं आहेत.

या चारांचं एक पुस्तक करायचा प्रयत्नही झाला होता. इ.स. 170 च्या सुमारास तातियान नावाच्या लेखकाने चारही वृत्तांत गुंफून एकच सलग कथा केली. सिरियातल्या चर्चमध्ये ती दोन-अडीचशे वर्षं वाचली गेली. पाचव्या शतकात थिओडोरेट या बिशपने आपल्या भागातल्या तिच्या दोनशेहून अधिक प्रती काढून घेतल्या आणि त्यांच्या जागी पुन्हा चार वेगळी पुस्तकं ठेवली, फरकांसकट.