ती आरोपी नव्हेच!

‘देहविक्रयाच्या अड्ड्यावर छापा, पाच महिला ताब्यात.’ सकाळच्या चहाबरोबर अशी बातमी आपण वाचतो आणि पान उलटतो. सोबत बहुतेक वेळा फोटो असतो. ओढणीनं तोंड झाकलेल्या बायका आणि शेजारी पोलिस. या ‘ताब्यात’ शब्दाचा मला नेहमी राग येतो. चोराला ताब्यात घेतात, दरोडेखोराला ताब्यात घेतात. त्या पाचजणींत एखादी सोळा-सतरा वर्षांची असेल, तर तिला ताब्यात घेतलेलं नसतं, सोडवलेलं असतं. हा काही शब्दांचा खेळ नाही. तिला कोणापुढे उभं करायचं, ती कुठे राहणार आणि उद्या तिला न्यायला कोण येणार, हे सगळं त्यावर ठरतं.

समजा, आपल्याच मराठवाड्यातली एक मुलगी आहे. आईबाप ऊसतोडीला गेलेले, ही गावात आजीजवळ. ओळखीतली एक बाई येते, मुंबईत पार्लरमध्ये काम मिळवून देते म्हणते, छत्रपती संभाजीनगरला आणून रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसवते. पुढचं सांगायला नको. काही महिन्यांनी छापा पडतो. पोलिस वय विचारतात आणि ही पोर म्हणते, ‘एकोणीस.’

खोटं का बोलते? कारण घरवालीनं तेच पढवून ठेवलेलं असतं. ‘वय कमी सांगितलंस तर रिमांड होममध्ये डांबतील, एकोणीस सांग, दोन दिवसांत सोडवून आणते.’ आणि कागदावर एकोणीस लागलं, की ती ‘सज्ञान महिला’ होते.

आपल्याकडचा मुख्य कायदा १९५६ चा. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, पोलिसांच्या तोंडी ‘पिटा’. पुष्कळांना वाटतं, या कायद्यानं वेश्याव्यवसाय करणं हाच गुन्हा आहे. तसं नाही. कुंटणखाना चालवणं, दलाली करणं, दुसरीच्या कमाईवर जगणं हे गुन्हे. मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२० मध्ये तीन सज्ञान तरुणींना सुधारगृहातून सोडताना हेच सांगितलं होतं. पण याच कायद्याचं आठवं कलम आहे. सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावलं, तर पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद. तोच गुन्हा पुरुषानं केला तर? सात दिवस ते तीन महिने! हा हिशेब कोणी मांडला असेल, देव जाणे. हे कलम काढून टाकायचं विधेयक २००६ मध्ये लोकसभेत आलं होतं. मंजूर न होताच बारगळलं.

मग रस्त्यावर उभ्या केलेल्या सोळा वर्षांच्या मुलीला हे कलम लावायचं का? या प्रश्नाचं चांगलं उत्तर महाराष्ट्रातच मिळालेलं आहे. कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणारी ‘प्रेरणा’ संस्था २००२ मध्ये उच्च न्यायालयात गेली. छाप्यात सोडवलेल्या मुलींचं पुढे कोर्टात काय होतं, हा तिचा सवाल होता. ७ ऑक्टोबर २००२ रोजी निकाल लागला. अठरा वर्षांखालच्या कोणत्याही मुलीवर न्यायदंडाधिकाऱ्याचा अधिकारच चालत नाही, असं न्यायालयानं स्पष्ट केलं. मग ती कुंटणखान्यातून सोडवलेली असो, नाहीतर रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावताना सापडलेली असो. तिला पहिल्यांदा समोर आणतील त्याच वेळी वयाची खात्री करायची आणि अठराच्या आत असेल तर प्रकरण बालकल्याण समितीकडे पाठवायचं. म्हणजे ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक’ म्हणून. परिविक्षा अधिकाऱ्याची चौकशी झाल्याशिवाय तिला सोडायचं नाही. सोडायचं ते आईवडील किंवा पालकांच्याच हाती, तेही समितीला ते योग्य वाटले तर.

या निकालातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. दलालाचा किंवा कुंटणखानावालीचा जो वकील, त्याला त्याच प्रकरणात मुलीचा वकील म्हणून उभं राहता येणार नाही. वाचताना वाटेल, हे काय सांगायला हवं? हवं! जिच्या खर्चानं वकील येतो तिच्याच घरी मुलगी परत जाते. ‘मावशी’ म्हणून न्यायला आलेली बाई कोण असते, ते वेगळं सांगायला नकोच.

निकाल मुंबईत लागला, तरी आपल्या जालना रोडवरचं खंडपीठ त्याच उच्च न्यायालयाचं. बीड-परभणीपासून जळगाव-नंदुरबारपर्यंतच्या कोर्टांना तो लागू आहे.

लग्नाच्या नावाखाली विकलेल्या मुलीचंही असंच. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याच्या बाराव्या कलमानुसार, फसवून, जबरदस्तीनं किंवा विकून लावलेलं अल्पवयीन मुलीचं लग्न मुळातच रद्दबातल. ते रद्द करून घ्यायला तिनं कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या नाहीत. आणि ‘ती स्वतःहून गेली’ हा बचाव तस्करी करणाऱ्याला मिळत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमात तसं लिहिलेलंच आहे, पीडितेची संमती होती की नव्हती याला महत्त्व नाही.

इथवर ठीक. पण या संरक्षणाला एक मोठं भोक आहे. देहविक्रयाच्या बाबतीत मुलगी वाचली. पण त्या काळात तिच्याकडून दुसरं काही करवून घेतलं असेल तर? गिऱ्हाइकाचं पाकीट मारायला लावलं, खोटं आधार कार्ड वापरायला लावलं, किंवा गावाकडच्या मैत्रिणीला ‘तूही ये’ म्हणून फोन करायला लावला. हा शेवटचा प्रकार सर्वांत वाईट. अल्पवयीन मुलीच्या तस्करीला किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. ज्याला किमान सात वर्षं, तो बालन्याय कायद्यात ‘घृणास्पद गुन्हा’. आणि त्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलांचा खटला प्राथमिक तपासणीनंतर सज्ञान समजून चालवता येतो. म्हणजे कालची बळी आज आरोपी!

धाक होता, हा बचाव आपल्या कायद्यात आहे, पण कसा? त्याच क्षणी जीव जाईल अशी धमकी हवी. महिनोन्‌महिने उपाशी ठेवून, कर्जाचा आकडा दाखवून, भावाला मारीन म्हणून बसवलेला धाक त्यात बसवायला कठीण जातो. २०१८ मध्ये लोकसभेनं मंजूर केलेल्या मानवी तस्करीविरोधी विधेयकात पीडितेला सूट ठेवली होती. पण ती फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांपुरतीच. थोडक्यात, खुनाला माफी मिळू शकते, पाकीटमारीला नाही! तेही विधेयक पुढे बारगळलंच.

बाहेर काय आहे? अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यानं २००८ मध्ये अशा मुलींना गुन्हेगार न मानता आधार देण्याचा कायदा केला, त्यामागून इतर राज्यं आली. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यानं एक पाऊल पुढे टाकलं. अठराखालच्या मुलीनं जबरदस्ती सिद्ध करायची गरजच नाही; तस्करीचा थेट परिणाम म्हणून हातून गुन्हा घडला, हे मात्र दिसायला हवं. अर्थात गंभीर गुन्ह्यांची लांबलचक यादी त्यांनीही वगळली आहे.

पण आपल्याकडे अजून त्या एकोणीसच्या आकड्यावरच गाडं अडतं. तो आकडा खोडायचा कसा? बालन्याय कायद्याच्या ९४ व्या कलमात पुराव्यांचा क्रम दिला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेची जन्मनोंद आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. हाडांच्या तपासणीत वर्ष-दोन वर्षांचा फरक सहज पडतो आणि सतराची एकोणीस व्हायला तेवढा पुरे होतो. म्हणून घरच्यांनी आधी गाठायची ती जिल्हा परिषदेची शाळा. मुलगी चौथीत शाळा सोडून गेलेली असली, तरी जनरल रजिस्टरमध्ये तिची जन्मतारीख असते. हेडमास्तरांकडून दाखला घ्यायचा आणि बालकल्याण समितीपुढे ठेवायचा. वकिलाचे पैसे नसले तरी अडत नाही. जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण तस्करीच्या पीडितेला मोफत वकील देतं, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. आणि शेजारची एखादी मुलगी अचानक ‘कामाला गेली’ म्हणून दिसेनाशी झाली, पत्ता मात्र कोणालाच सांगता येत नाही, असं दिसलं तर १०९८ हा नंबर आहे. रात्रीही लागतो, आणि फोन करणाऱ्यानं मुलीच्या नात्यातलं असायला हवं असं काही नाही.